दरडोईतली डोई

मागच्या जानेवारीत आमच्या उसाला तोड आली. ज्यांचं घर माळेगाव बुद्रुकला किंवा तशाच एखाद्या गावाला आहे, त्यांना या वाक्यातला जीव कळेल. चिटबॉय येऊन सांगून जातो, टोळी फडात उतरते, आणि मग दोन-तीन दिवस घरातल्या कुणीतरी बांधावर बसून राहायचं असतं. काम म्हणाल तर फार नाही. पिण्याच्या पाण्याचा जार भरून ठेवायचा, वाढ्यांवरून भावकीत कुरबुर झाली तर मिटवायची, ट्रॉली भरून निघाली की वहीत लिहायचं. मी पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. म्हणजे नेमकं काय करतो हे घरी कुणाला सांगता येत नाही, म्हणून गावी आलो की अशी बसायची कामं हक्काने माझ्याकडे येतात.

सोबत चुलतभाऊ होता, अकरावीतला. तो मोबाइलवर एक रील बघत होता. तुम्हीही ती बघितली असेल. आडव्या रंगीत पट्ट्या, प्रत्येकीच्या टोकाला एका देशाचा झेंडा, कोपऱ्यात साल पळतंय आणि मागे छाती धडधडवणारं संगीत. दरडोई जीडीपी, १९६० ते आजपर्यंत. भारत आणि चीन बराच वेळ तळाशी एकमेकांना खेटून असतात. कधी हा पुढे, कधी तो. १९९० ओलांडलं की चीनची पट्टी अंग झाडते आणि नंतर अशी सुटते की मोबाइलच्या बाहेर येईल असं वाटतं. आपलीही वाढते, पण तिच्याकडे बघायला तोवर कुणी थांबलेलं नसतं. शेवटी एक वाक्य येतं, भारत कुठे चुकला? आणि खाली हजारभर लोक एकमेकांच्या आई-बहिणीवरून भांडत असतात.

टोळीतला एक मुलगा मोळ्या बांधायचं सोडून मागे येऊन उभा राहिला होता. पंधरा-सोळाचा असेल. बीड जिल्ह्यातला, वडवणीकडचा. शाळेत नाव आहे, नववीला. पण शाळा तिकडे आणि तो दिवाळीपासून इकडे.

"हे काय पळतंय, दादा?"

"कोणता देश किती कमावतो ते. माणशी," चुलतभाऊ म्हणाला.

"माणशी म्हंजी समद्यांला धरून?"

"हो, सगळ्यांना धरून."

तो जरा वेळ पट्ट्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मंग आमाला कुठं धरलंय? बीडात का बारामतीत?"

चुलतभाऊ हसला. मी हसलो नाही, कारण मी अर्थशास्त्राचा पदवीधर आहे. मी सांगितलं, "बीडात." त्याने मान डोलावली आणि तो परत फडात गेला. माझं उत्तर चुकलं होतं. ते किती बाजूंनी चुकलं होतं हे कळायला मला पुढचे काही महिने लागले. हा लेख म्हणजे त्याच महिन्यांचा हिशोब आहे.

आधी त्या शर्यतीबद्दल. चीन आपल्या पुढे नेमका कधी गेला? प्रश्न सोपा वाटतो. जागतिक बँकेची चालू डॉलरमधली आकडेवारी बघितली तर १९९० साली भारताचं दरडोई उत्पादन सुमारे ३६८ डॉलर होतं आणि चीनचं सुमारे ३१८. म्हणजे आपण पुढे. १९९१ साली आपण सुमारे ३०३ वर आलो आणि चीन ३३३ वर गेला. झालं, रीलमध्ये पट्ट्यांची अदलाबदल होते ती इथेच.

पण १९९१ साली भारतात असं काय झालं की माणशी ६५ डॉलर एका वर्षात उडून गेले? ऊस कमी पिकला नाही, गिरण्या एकदम बंद पडल्या नाहीत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलरचा भाव चढला, आणि रुपयातला तोच माल डॉलरमध्ये मोजताना लहान दिसू लागला. माळेगावातल्या एखाद्या बाईने जून ९१ मध्ये जेवढ्या भाकरी थापल्या तेवढ्याच ऑगस्टमध्येही थापल्या असतील. मोजपट्टी बदलली आणि भाकरी आक्रसल्या.

आता दुसरी मोजपट्टी घेऊ. अँगस मॅडिसन नावाच्या अर्थ-इतिहासकाराने सगळ्या देशांचं जुनं उत्पादन एकाच क्रयशक्तीच्या मापात बसवायचा उद्योग आयुष्यभर केला. क्रयशक्तीचं माप म्हणजे काय, तर बारामतीत केस कापायला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात शांघायचा न्हावी कात्रीसुद्धा उचलणार नाही, पण डोक्यावरचे केस तर दोन्हीकडे सारखेच कापले जातात. मग काम सारखं धरा, किंमत नको. मॅडिसनच्या तक्त्यात १९५० साली भारत ६१९ आणि चीन ४४८. १९७३ ला भारत ८५३, चीन ८३८. आणि १९७८ ला भारत ९६६, चीन ९७८. म्हणजे या हिशोबाने चीन १९७८ सालीच पुढे गेला होता, डंग शियाओपिंगच्या सुधारणांचा परिणाम दिसायच्याही आधी. एका मोजपट्टीने १९९१, दुसरीने १९७८. तेरा वर्षांचा फरक. या तेरा वर्षांवर किती पुस्तकं, किती भाषणं आणि किती रील उभे आहेत याचा विचार केला की गंमत वाटते.

आकडे घरातल्या घरातही बदलतात. जानेवारी २०१५ मध्ये आपल्याकडे जीडीपी मोजायची पद्धत आणि पायाभूत वर्ष बदललं. २०१३-१४ या वर्षाची वाढ जुन्या मालिकेत ४.७ टक्के होती, ती नव्या मालिकेत ६.९ टक्के झाली. झोपलो तेव्हा गरीब होतो, उठलो तेव्हा जरा बरे. आणि ऑक्टोबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने अंदाज दिला की बांगलादेश १८८८ डॉलर आणि भारत १८७७. अकरा डॉलरवरून देशभर गदारोळ झाला. तेव्हाही क्रयशक्तीच्या मापात भारत पुढेच होता, पण सरकारची बाजू घेणारे एकच तक्ता दाखवत होते आणि विरोधक दुसरा.

इथवर आल्यावर बरेच जण हात झटकतात. आकडे म्हणजे नुसता खेळ, कसेही वाकवा, असं म्हणतात. मला तो मार्ग सोयीचा वाटतो, खरा वाटत नाही. चीन आणि भारत यांच्यात आज जे अंतर आहे ते मोजपट्टीने निर्माण केलेलं नाही. २०२३ साली चीन माणशी साडेबारा हजार डॉलरच्या आसपास होता आणि आपण अडीच हजारांच्या. क्रयशक्तीने मोजलं तर पाचपटीचं अंतर दुप्पट-अडीचपटीवर येतं, पण नाहीसं होत नाही. जागतिक बँक म्हणते की चाळीस वर्षांत चीनमध्ये सुमारे ऐंशी कोटी लोक अतिदारिद्र्यातून बाहेर आले. ऐंशी कोटी लोकांच्या ताटात काय पडलं हा काही खेळ नव्हे.

शिवाय आकड्यांना हसण्याआधी आपल्याकडे ही माणशी मोजणी सुरू कुणी केली, आणि कशासाठी, हे आठवायला हवं. दादाभाई नौरोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवत. १८७० च्या दशकात त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांचे शेतीचे आणि इतर उत्पादनाचे सरकारी आकडे जमवले, बेरीज केली, माणसांनी भागलं. उत्तर आलं वर्षाला माणशी २० रुपये. मग त्यांनी जी तुलना केली ती मला अजून चटका लावते. इंग्लंडशी तर त्यांनी तुलना केलीच. पण त्याआधी त्यांनी सरकारचेच कागद उघडून बघितलं की तुरुंगातल्या कैद्याला जगवायला किती खर्च येतो, आणि जहाजातून परदेशी मजुरीला पाठवल्या जाणाऱ्या माणसाच्या अन्नवस्त्राला किती. दोन्ही आकडे २० रुपयांच्या वर निघाले. म्हणजे राणीच्या राज्यात मोकळा फिरणारा माणूस सरासरीने कैद्यापेक्षाही कमी पिकवत होता.

भागाकार तोच, पण त्याचं तोंड कुणाकडे आहे ते बघा. दादाभाईंनी तो आकडा वरच्याला जाब विचारायला वापरला. म्हणून तर वरच्यांना तो खोडून काढावा लागला. १९०१ साली लॉर्ड कर्झनने सांगितलं की हिशोब चुकीचा आहे, १८८२ साली माणशी २७ रुपये होते, ते आता ३० झाले आहेत, म्हणजे प्रगती चालू आहे. विल्यम डिग्बी या इंग्रजानेच उलट पुस्तक लिहून आकडा २० च्याही खाली असल्याचं मांडलं. एकाच वर्षी, एकाच देशातल्या माणसाची कमाई ३० की २० पेक्षा कमी, यावर साम्राज्याची लाज अवलंबून होती.

रीलमधल्या शर्यतीत असा जाब कुणालाच विचारलेला नसतो. चीन जिंकला म्हणून कुणाला घरी पगारवाढ मागायची नसते, भारत हरला म्हणून कुणी जिल्हा परिषदेच्या दारात जाऊन बसत नाही. क्रिकेटचा स्कोअर बघावा तसं बघायचं आणि पुढे सरकायचं. माझी तक्रार आकड्याविरुद्ध नाही, त्या बघण्याविरुद्ध आहे. आणि हे मी बांधावर बसून, हातात मोबाइल घेऊन, फडातला ऊस दुसऱ्याकडून तोडून घेत असताना शिकलो, हेही सांगून टाकलेलं बरं.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो.

दरडोई हा शब्द आपण इतका वापरतो की त्यात डोई आहे हे विसरून जातो. दर डोक्यामागे. फडात त्या दिवशी मला डोया दिसत होत्या. त्या मुलाची आई उसाची मोळी डोईवर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होती. फळी वाकत होती. तिची ती डोई कुठल्या भागाकारात आहे, असा मुलाचा साधा प्रश्न होता.

जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न काढताना वरच्या आकड्यात काय येतं? त्या जिल्ह्याच्या हद्दीत जे पिकलं आणि बनलं ते. आमच्या फडातला ऊस, त्याची साखर, कारखान्यातली मळी, त्यापासूनचं इथेनॉल, ते वाहून नेणारे ट्रॅक्टर, सगळं पुणे जिल्ह्याच्या खात्यावर. त्या बाईची तोडणीही त्यातच मुरलेली असते. म्हणजे तिचं काम नक्की बीडात धरलेलं नाही. ते इथे धरलं आहे. मग खालच्या आकड्यात, ज्याने भागायचं त्यात, ती कुठे आहे? तिचं रेशनकार्ड तिकडचं, मतदान तिकडे, मुलाचं शाळेतलं नाव तिकडे. जनगणनेचा नियम असा की मोजणीच्या दिवसांत माणूस जिथे असेल तिथे त्याला मोजायचं. आणि आपल्याकडे मोजणीचा शिरस्ता फेब्रुवारीचा, म्हणजे ऐन गाळपाचा. नियमाप्रमाणे ती आमच्या गावात मोजली जायला हवी. पण पाचटाच्या कोपीवर घर क्रमांक नसतो, आणि पहाटे चारला फडात जाणारं माणूस मोजणीदाराला दुपारी कोपीत सापडत नाही. शिवाय २०११ नंतर जनगणनाच झालेली नाही. त्यानंतरचं आपल्या देशाचं प्रत्येक दरडोई, त्या रीलमधलंसुद्धा, अंदाजे लोकसंख्येने भागलेलं आहे.

तेव्हा खरं उत्तर असं होतं: तुझ्या आईचे हात बारामतीत धरले आहेत, आणि तिची डोई कुठे धरली आहे ते सांगता येत नाही. पुण्याचं दरडोई उत्पन्न राज्यात वरच्या जिल्ह्यांत आहे, बीडचं राज्याच्या सरासरीच्या खाली. हे अंतर सांगताना आम्ही म्हणतो, आमच्याकडे पाणी आलं, सहकार आला, आम्ही कष्ट केले. पाणी आलं हे खरं. १८८० च्या दशकातला नीरा डावा कालवा गावाजवळून गेला म्हणून आम्ही बागायतदार, आणि त्याच तालुक्यात मोरगाव-सुप्याकडची माणसं जिरायती. कष्टाचं मात्र मोजून बोलायला हवं.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही, आणि इथेच मला चीन पुन्हा भेटला. चीनमध्ये हुकोऊ नावाची नोंदणी आहे. माणूस ज्या गावाचा, त्याची नोंद त्या गावची. शहरात वीस वर्षं राबला तरी ती सहजी बदलत नाही. शेंझेन हे १९८० साली विशेष आर्थिक क्षेत्र झालेलं शहर. तिथल्या कारखान्यांत लाखो पोरी खेड्यांतून येऊन काम करत होत्या. बरीच वर्षं तिथल्या दरडोई उत्पादनाचा हिशोब असा होता की वर कारखान्यांचा सगळा माल, आणि भागायला फक्त नोंद असलेले रहिवासी. ज्यांनी माल बनवला त्या पोरी भागाकारात नव्हत्याच. शहर कागदावर भलतंच श्रीमंत दिसायचं आणि त्या पोरींचे प्रांत होते त्याहून गरीब. पुढे प्रत्यक्ष राहणाऱ्यांना मोजायची पद्धत आली तेव्हा शेंझेनसारख्या शहरांचे आकडे खाली आले.

आणखी एक गोष्ट कळली, ती त्या मुलाला सांगायला आवडली असती. चीनमध्ये सगळ्यांत जास्त ऊस ग्वांगशी प्रांतात होतो. डोंगराळ भाग, तुकड्या-तुकड्यांची जमीन, त्यामुळे तिथलाही बराच ऊस हाताने तोडला जात आला आहे. तोडतं कोण? शेजारच्या गरीब भागातली माणसं, आणि सीमेपलीकडून हंगामापुरते येणारे व्हिएतनामी मजूर. म्हणजे ज्या चीनच्या पट्टीकडे बघून आपण हळहळतो, त्या पट्टीच्या एका कोपऱ्यातही कुणीतरी डोईवर मोळी घेऊन उभं आहे, आणि ती डोई चीनची नाहीच.

आमच्या फडात तर एकक माणूस नसतंच मुळी. एकक आहे कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. लहान पोरं कोयत्यात धरत नाहीत, पण मोळ्या बांधतात, धाकटं सांभाळतात, बैलांना वाढं टाकतात. मला वाटतं, दरडोई या कल्पनेवरचं इतकं नेमकं भाष्य दुसरीकडे कुठे सापडणार नाही. इथे बाई म्हणजे अर्धं अवजार.

मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. जानेवारी २०२४ च्या करारानंतर तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. त्याआधी तो २७३ च्या घरात होता. एक कोयता दिवसाला फार तर दोन टन तोडतो. म्हणजे ७३२ रुपये. पाच महिने, एकही खाडा न धरता, १ लाख ९ हजार ८००. त्या घरातली कामाला लागलेली तीन डोकी धरली तर डोईमागे ३६ हजार ६००. उचलीत वळती होणारी रक्कम, औषधपाणी वगैरे मी धरलेलं नाही. देशाचं दरडोई उत्पन्न त्या सुमारास वर्षाला १ लाख ८५ हजारांच्या आसपास होतं. अर्ध्या वर्षाचे ९० हजारांवर झाले. आणि आमच्या भागात उसाला टनामागे साडेतीन हजारांच्या वर मिळालेले आहेत. त्या एका कोयत्याने एका दिवसात आमचे सात हजार रुपये जमिनीवरून उचलून ट्रॉलीत टाकले होते. आमचेही त्यातून खत, पाणी, मजुरी, कर्ज वजा होतात, आणि अठरा महिने वाट बघावी लागते. तरीही.

काळाबद्दलही त्या वहीत एक गोष्ट लक्षात आली. १९९० पासून आपलं दरडोई उत्पादन महागाई वजा करूनही साधारण चौपट झालं आहे. पण कोयत्याला दिवसाला दीड-दोन टन हे त्या मुलाचा आजा तोडायला यायचा तेव्हाही तितकंच होतं. शरीर तेवढंच तोडू शकतं. त्याची कमाई वाढली ती दर वाढवून घ्यायला संप करावे लागले म्हणून. चौपट झाली ती भोवतालची दुनिया. आता आमच्याकडेही हार्वेस्टर फिरू लागलेत. एक यंत्र अनेक कोयत्यांचं काम करतं, माणशी उत्पादन झपकन वाढतं. माणसं कुठे गेली असं भागाकार विचारत नाही.

त्याला असले प्रश्न पडत नाहीत ही त्याची खोडच आहे. अर्थतज्ज्ञ पीटर बाउअर यांनी या विचित्रपणाकडे पूर्वीच बोट दाखवलं होतं: घरात वासरू जन्मलं की दरडोई उत्पन्न वाढतं, मूल जन्मलं की घटतं. गोठ्यातली डोई वरच्या आकड्यात जाते, पाळण्यातली खालच्या. हे नुसतं गमतीचं वाक्य राहिलेलं नाही. चीनने १९८० च्या सुमारास एक मूल धोरण आणलं आणि २०१५ पर्यंत चालवलं. दंड, सक्तीचे गर्भपात, सक्तीच्या शस्त्रक्रिया. दरडोईचा आकडा वाढवायचे दोन रस्ते असतात, वरचा आकडा वाढवा किंवा खालचा कमी करा, आणि एका सरकारने दुसऱ्या रस्त्यावर बायकांची शरीरं अंथरली. रीलमध्ये त्या पट्टीचा वेग दिसतो, ही किंमत नाही.

आपण मात्र हात वर करून मोकळे होऊ शकत नाही. २०१९ साली राज्याने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. कारणं गुंतागुंतीची आहेत. अंगावर काढलेले आजार, डॉक्टरांनी घातलेली भीती, पाळीच्या दिवसांतला खाडा, खाड्याचा दंड, कोपीत नसलेलं पाणी आणि संडास. इथे सरकारने हुकूम काढला नव्हता. हंगामानेच काढला. आणि हिशोबाच्या भाषेत त्या प्रत्येक शस्त्रक्रियेचं बिल उत्पादनात जमा झालं. बीडचं दरडोई तेवढ्याने तरी वर गेलं असेल.

या सगळ्यात मला वारंवार धनंजयराव गाडगीळ आठवत राहिले. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे संचालक. १९४९ साली स्वतंत्र भारताचं राष्ट्रीय उत्पन्न पहिल्यांदा सरकारी पातळीवर मोजायला समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष महालनोबिस, आणि दोन सदस्यांपैकी एक गाडगीळ, दुसरे व्ही. के. आर. व्ही. राव. दरडोई उत्पन्न वर्षाला अडीचशे रुपयांच्या आसपास निघालं. आणि त्याच वर्षांत हाच माणूस विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा करत होता, ज्याचं पहिलं गाळप १९५० च्या हंगामात झालं. त्याच वाटेने पुढे आमच्याकडचे कारखाने आले. म्हणजे देशाची सरासरी काढणारा आणि ती सरासरी शेतकऱ्याच्या बाजूला झुकवू पाहणारा माणूस एकच होता. सहकारात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. तिथे खरोखर डोई मोजली. माझ्या आजोबांना त्या एका मताचा केवढा अभिमान होता हे मी पाहिलं आहे. निवडणुकीच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून जायचे.

मात्र सभासद व्हायला ऊस स्वतःचा असावा लागतो. तोडणाऱ्याची डोई तिथेही आली नाही. गाडगिळांना हे दिसत नसेल असं मला वाटत नाही. त्या वेळी व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकरी सोडवणं एवढंच हातात असेल. पण सत्तर-पंचाहत्तर वर्षांनंतर आम्हाला तसं म्हणता येणार नाही.

मग दोन देशांची तुलना करूच नये का? करावी. मला तर वाटतं आणखी करावी, पण दादाभाईंसारखी: तुरुंगातली भाकरी शेजारी ठेवून. चीनच्या साडेबारा हजारांकडे बघून एवढं तरी विचारता येतं की १९९० ला आपल्या बरोबरीने गरीब असलेल्या देशात पोरांची शाळा हंगामामुळे सुटणं किती कमी झालं, आणि आपल्याकडे का राहिलं. चीनवाल्याने आपल्याकडे बघून विचारावं की मजुरीच्या दरासाठी संप करून सरकारला टेबलावर आणता येतं हे कसं असतं. हे प्रश्न डोईपर्यंत पोचतात. कोण जिंकलं हा प्रश्न झेंड्यापर्यंतच राहतो, आणि झेंड्याला भूक लागत नाही.

हे सगळं मला त्या मुलाला सांगायचं होतं. निदान एवढं तरी, की मी "बीडात" म्हणालो ते चुकून म्हणालो. पण मला कळेपर्यंत एप्रिल उजाडला होता, टोळी निघून गेली होती, कोपींच्या जागी चुलीचे काळे डाग आणि एक फुटकी बादली राहिली होती. जनगणना ठरल्याप्रमाणे फेब्रुवारी २०२७ मध्ये झाली तर या रानात मोजणीदार येईल तेव्हा आपण त्याला पहाटे कोपीवर घेऊन जायचं, असं मी मनाशी ठरवलं. ठरवायला काही लागत नाही.

नोव्हेंबरमध्ये दिवाळीनंतर गावी गेलो तर टोळी आलेली होती. दुसऱ्याच्या फडात होती, म्हणून मी मुद्दाम गाडी थांबवून उतरलो. मुलगा उंच झाला होता. हातात स्वतःचा कोयता होता, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. शाळेचं विचारलं तर म्हणाला, दहावीला बसलोच नाही, बहिणीच्या लग्नाचं होतं, उचल कमी पडत होती. मी म्हणालो, तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मी चुकीचं दिलं होतं. कुठल्या प्रश्नाचं, ते त्याला आठवेना. मी आठवण करून दिली. पट्ट्या, देश, माणशी.

"हां हां, ते," तो हसला. "यंदा धरलंय की मला, दादा. अर्धा कोयता."